घरघर लागलेली राजवट पडद्यावर कशी दाखवायची?

मांडवीकाठ | शनिवार, रात्री ११:२०

काल आमच्या छोट्या फिल्म क्लबात सोव्हिएत दिग्दर्शक एलेम क्लिमोवचा ‘अगोनिया’ पाहिला. पंचवीस खुर्च्या, एक प्रोजेक्टर, चहा आणि बटाटवडे. विषय झारच्या रशियाचं शेवटचं वर्ष, म्हणजे १९१६. निकोलस दुसरा, त्याची राणी, हिमोफिलियाने आजारी युवराज आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला रासपुतीन. अलेक्सेई पेत्रेन्कोने रासपुतीन असा काही केलाय की तो पडद्यावर आला की आपण नकळत खुर्ची मागे सरकवतो. मध्येमध्ये त्या काळातल्या खऱ्या बातमीपटांचे काळे-पांढरे तुकडे घुसतात. आघाडीवरचे सैनिक, भुकेले चेहरे. आणि लगेच पुन्हा रंगीत राजवाडा.

घरी येताना एक गोष्ट सतत टोचत होती. राजवट आतून सडलीय हे दाखवायला रासपुतीनसारखा भडक माणूस लागतोच का? तो नसता तर झार टिकला असता, असं मला तरी वाटत नाही. मग तो कॅमेऱ्यासमोर एवढी जागा का अडवतो?

दुसरं म्हणजे आपल्या दाराशी, गोव्यात, पोर्तुगिजांची ४५१ वर्षांची राजवट १९६१ मध्ये दीड दिवसात गुंडाळली गेली. तिच्या शेवटच्या वर्षावर असा सिनेमा मी तरी पाहिला नाही. करायचा तर कुणाच्या डोळ्यांनी दाखवाल? गव्हर्नर, शिपाई, भाटकार (जमीनदार), मुंडकार (त्याच्या जमिनीवर राहणारं कूळ)? बोला.

सुशेगाद_पण_जागा | रात्री ११:३४

मी होतो तिथे. बरोब्बर रासपुतीनच्या खुनाच्या वेळी वीज गेली हे कोण सांगणार? विष चढेना, गोळ्या लागूनही मरेना, आणि शेवटी त्याला आमच्या फिडरने मारला.

मांडवीकाठ | रात्री ११:३६

:) वीज आल्यावर तो पुन्हा जिवंत होता हे विसरलास.

रीळवाला | रात्री ११:५८

या सिनेमाची स्वतःची गोष्टही विषयाला धरून आहे. क्लिमोवने तो १९७५ पर्यंत पुरा केला, पण तो डब्यातच राहिला. आधी परदेशात दाखवला गेला आणि सोव्हिएत प्रेक्षकांसमोर यायला १९८५ उजाडलं. सत्ताधाऱ्यांना मुख्य काय खुपलं, तर झार पुरेसा दुष्ट नाही. तो मवाळ दिसतो, थकलेला दिसतो, क्वचित कीवही येते. क्रांतीने ज्याला उलथवला तो राक्षसच हवा होता, आणि यांनी दाखवला एक निर्णय न घेता येणारा कुटुंबवत्सल गृहस्थ. म्हणजे एका मेलेल्या राजवटीवरचा सिनेमा दुसऱ्या राजवटीने दडपला, आणि त्या दुसरीलाही तेव्हा किती वर्षं उरली होती ते आपल्याला माहीत आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल: रासपुतीन रोगी नाही, रोगाचा पुरळ आहे. जानेवारी १९१६ ते जानेवारी १९१७ या एका वर्षात पंतप्रधानपदावर चार माणसं बसली. ती फाइल कोण बघणार? पुरळ मात्र लांबूनही दिसतो. म्हणून दिग्दर्शक कॅमेरा तिकडे नेतो.

वास्कोवाली | रविवार, सकाळी ७:१०

गोव्यावर सिनेमाच नाही असं कसं म्हणता? ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘सात हिंदुस्तानी’ १९६९ चा, अमिताभचा पहिला. मग श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’, १९८५. तो तर लोटलीला मारियो मिरांडांच्या वाड्यात चित्रित झाला, काळही १९६१ चाच.

मांडवीकाठ | सकाळी ७:४५

ताई, दोन्ही पाहिलेत. पहिल्यात सत्याग्रही आहेत, राजवट फक्त बंदूक धरून पलीकडे उभी. ‘त्रिकाल’ मला प्रिय आहे, पण तो एका घराचा आहे. नवरा मेला हे मान्यच न करणारी म्हातारी दोना मारिया, मेणबत्त्यांच्या उजेडातलं ते जेवण. राजवट भिंतीपलीकडे मरतेय आणि घराला त्याची चाहूल लागत नाही. मला भिंतीपलीकडचं पाहायचंय.

वास्कोवाली | सकाळी ७:५२

मग ती म्हातारीच राजवट समजा. प्रेत घरात आहे आणि ती म्हणते नवरा झोपलाय. लिस्बन याहून वेगळं काय करत होतं?

मांडवीकाठ | सकाळी ७:५५

घ्या. मी विसेक वर्षांत तीनदा पाहिला आणि हे सुचलं नाही. कान धरतो.

डॉ_खाडीपलीकडे | सकाळी ९:०५

एक शब्दाची गंमत. ‘अगोनिया’ हा वैद्यकीय शब्द आहे, अर्थ मरणाआधीची झटापट. इंग्रजीतल्या नुसत्या यातना नव्हेत. पोर्तुगीजमध्येही आगोनिया म्हणजे तेच. आपली ‘घरघर’ अगदी चपखल.

आता जी माहिती कुणी मागितली नाही ती देतो. घरघर लागलेला रोगी बघणाऱ्याला फार त्रासात वाटतो, पण बहुतेक वेळा त्याला स्वतःला शुद्ध नसते. आवाज घशात साठलेल्या स्रावाचा असतो. नातेवाईक कळवळतात, रोग्याला पत्ता नसतो. निकोलसच्या डायऱ्या वाचा. कावळे मारल्याच्या नोंदी, हवा कशी होती, चहा कुणाबरोबर घेतला. सिंहासन सोडलं त्या दिवशी मात्र लिहितो की आजूबाजूला सगळा विश्वासघात, भ्याडपणा आणि फसवणूक. म्हणजे शुद्ध आली तीही दुसऱ्याला दोष देण्यापुरती.

बार्देशकर | सकाळी १०:३०

माझं मत सरळ गव्हर्नर जनरलला. मान्युएल आंतोनियु व्हासालो ई सिल्व्हा. एवढं तयार पात्र आयतं पडलंय आणि कुणी उचलत नाही याचं नवल वाटतं.

माणूस लष्करी अभियंता. १९५८ मध्ये इथे आला, रस्ते-पूल-शाळा यांतच त्याचा जीव. आणि त्याची सख्खी बहीण मारिया लामास, पोर्तुगालमधली नावाजलेली लेखिका, स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणारी, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने अनेकदा तुरुंगात टाकलेली! भाऊ हुकूमशहाचा राज्यपाल, बहीण त्याच हुकूमशहाची कैदी. लेखकाला हे सुचलं असतं तर आपण म्हटलं असतं, फारच जुळवून आणलंय.

१४ डिसेंबर १९६१ ला सालाझारचा संदेश येतो. आशय असा की शरणागती नाही, युद्धकैदी नाहीत, आमचे सैनिक आणि खलाशी एकतर विजयी होतील किंवा मरतील. निदान आठ दिवस तग धरा. गव्हर्नरपाशी साडेतीन हजारांच्या आतबाहेर सैनिक, लढाऊ विमान एकही नाही, आणि समोर भारताचं लष्कर, नौदल, वायुदल. त्याने दीड दिवसाने, १९ डिसेंबरच्या रात्री साडेआठला शरणागतीवर सही केली. पणजी शाबूत राहिली, जुने गोवे शाबूत राहिलं. बक्षीस काय? १९६३ मध्ये सैन्यातून हकालपट्टी. पोर्तुगालमधल्या १९७४ च्या क्रांतीनंतर हुद्दा परत मिळाला. १९८० मध्ये म्हातारा होऊन गोव्यात आला तेव्हा लोकांनी आपुलकीने स्वागत केलं. शेवटचा प्रसंग तोच. दुसरा लिहायची गरजच नाही.

सुशेगाद_पण_जागा | सकाळी १०:४१

आणि चोरिसांचा प्रसंग? तो मध्यंतराआधी हवाच.

वास्कोवाली | सकाळी १०:४४

कसल्या चोरिसांचा?

सुशेगाद_पण_जागा | सकाळी १०:५८

गोंयची असून ठावूक ना? गोष्ट अशी सांगतात. गव्हर्नरने लिस्बनकडे रणगाडाविरोधी दारूगोळा मागितला. संदेश कुणी फोडू नये म्हणून सांकेतिक शब्द वापरला: चोरिस. विमान आलं. पेट्या उघडल्या. आत चोरिस! खरेखुरे, डुकराच्या मांसाचे सॉसेज, लसणीच्या वासाचे. समोरून रणगाडे येतायत आणि यांच्या हातात माळा.

बार्देशकर | सकाळी ११:०२

खरं असो वा रचलेलं, लोकांनी हीच गोष्ट जपून ठेवली यातच सगळं आलं.

केपेकर | सकाळी ११:४०

मंडळी, सगळे आधीच ‘सडलेली राजवट’ म्हणून मोकळे झालात. मी जरा पाण्यात दगड टाकतो.

१९६१ चा गोवा कंगाल नव्हता. खाणी जोरात होत्या, लोहखनिज जपानला, जर्मनीला जात होतं. भारताने १९५५ मध्ये नाकेबंदी केली, रेल्वे बंद, पैसे पाठवणं बंद. तरी बाजार भरलेला. माझी आजी सांगायची, बटाटे हॉलंडचे, सिमेंट जपानचं, चहा सिलोनचा. मुंबईचे नातेवाईक आले की परत जाताना घड्याळ, नायलॉनची साडी, पावडरचे डबे नेत. रेशनच्या रांगेत उभे असलेल्या भारतातून इकडे आलं की माणसं डोळे विस्फारत. झारच्या पेत्रोग्राडमध्ये पावासाठी दंगे झाले. इथे कुठे झाले? ही राजवट उपासमारीने मेली नाही, बाहेरून धक्का दिला म्हणून गेली. सिनेमा प्रामाणिक करायचा तर हे दाखवावं लागेल.

आग्वादची_नात | दुपारी १२:२५

केपेकर, तुमच्या आजीचे बटाटे मला मान्य आहेत. माझी आजी आग्वादच्या तुरुंगाबाहेर भेटीसाठी उभी राहायची. हातात डबा, डब्यात उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर. शिपाई डब्यात काठी घालून ढवळायचा, चिठ्ठी आहे का बघायला. किसमूर पेजेत मिसळायची. आजोबांना ते तसंच खावं लागायचं. सुटून आल्यावर ते मरेपर्यंत किसमूर वेगळ्या बशीत घ्यायचे. ताटाला लागलेलीही चालायची नाही.

दंगा झाला नाही म्हणता. सभा घ्यायची सोय नव्हती हो. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहिया बोलायला उभे राहिले ते एवढ्यासाठीच, की चार माणसांनी एकत्र येऊन बोलणं हाच गुन्हा होता. लग्नाची पत्रिका छापायची तरी आधी सेन्सॉरकडे न्यायची. देवळातल्या उत्सवाच्या नाटकाची संहिता आधी मंजूर करून आणायची. मुलीच्या लग्नात ‘आप्तेष्टांसह अगत्य येण्याचे करावे’ यालाही परवानगी मागणारं सरकार भरभराटीचं असेल, पण धडधाकट नक्की नव्हतं. धडधाकट माणूस पत्रिकेला घाबरत नाही.

आणि १५ ऑगस्ट १९५५ ला हद्दीवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या. तोही बाहेरचा धक्का का?

केपेकर | दुपारी १२:५०

तुमच्या आजोबांना नमस्कार. मी राजवटीची वकिली करत नव्हतो, पोट भरलेलं होतं एवढंच म्हणत होतो. पण माझ्या बोलण्यातून तसं वाटलं असेल तर चूक माझी.

आग्वादची_नात | दुपारी १:१५

राग नाही. जेवून घेते. (बटाट्याची भाजीच आहे, देशी.)

डॉ_खाडीपलीकडे | दुपारी १:२०

विझताना दिवा मोठा होतो म्हणतात, तसं काही असेल. १९५० नंतरचा खाणींचा पैसा, रस्ते, इमारती. १९५१ मध्ये तर वसाहत हा शब्दच पुसून ‘सागरापलीकडचा प्रांत’ म्हणायला लागले. रोगाचं नाव बदललं की रोगी बरा.

शब्दप्रेमी_साखळी | दुपारी २:३०

मला एक कळीचा प्रश्न. या सिनेमात माणसं बोलणार कुठल्या भाषेत? कचेरीत पोर्तुगीज, घरी कोंकणी, देवळात आणि वर्तमानपत्रात मराठी. हिंदीत केला तर गव्हर्नर ‘हम हार नहीं मानेंगे’ म्हणणार, मी उठून जाईन. मुळात गोव्यातल्या हिंदू समाजाची लिखापढीची भाषा मराठीच होती हे लक्षात घेता…

पेडण्याचो_पात्रांव | दुपारी २:३८

झालं सुरू. लिखापढीची भाषा आणि जगण्याची भाषा यातला फरक…

शब्दप्रेमी_साखळी | दुपारी २:४१

फरक कुणी नाकारतंय का? १९व्या शतकापासूनची…

संपादक मंडळ | दुपारी २:५५

मराठी-कोंकणी वादासाठी स्वतंत्र धागा आहे, ७४० प्रतिसादांवर तो सुखाने नांदतोय. इथले पुढचे नऊ प्रतिसाद तिकडे हलवले आहेत. कृपया घरघर या विषयाकडे परत या.

सुशेगाद_पण_जागा | दुपारी २:५८

त्या धाग्याला कधी घरघर लागणार?

तारवटी | दुपारी ४:१०

मी जहाजावर नोकरी केली, आता दाबोळीला घरी असतो. माझ्या मते नायक गव्हर्नर नाही, एक जहाज आहे. ‘आफोंसो द आल्बुकेर्क’. १९३४ मध्ये पाण्यात उतरवलेलं. ज्याने १५१० मध्ये गोवा घेतला त्याचंच नाव, आणि तेच गोव्याच्या शेवटच्या दिवशी एकटं उभं. १८ डिसेंबरला दुपारी मुरगाव बंदरापाशी भारतीय नौदलाची ‘बेतवा’ आणि ‘बियास’ समोर आली. नव्या फ्रिगेट, जलद मारा करणाऱ्या तोफा. याच्या तोफा सत्तावीस वर्षांच्या जुन्या. तरी लढलं. कप्तान आरागांव जखमी झाला, शेवटी जहाज किनाऱ्याकडे नेऊन वाळूत रुतवलं आणि खलाशी उतरले.

माझे बाबा तेव्हा बंदरात काम करत. ते म्हणायचे, त्यांच्यातला जो खलाशी शुक्रवारी आमच्याकडून भाजलेले शेंगदाणे उधार नेत होता, तो सोमवारी तोफेवर होता. त्याचे चार आणे राहिले. बाबा ते चार आणे शेवटपर्यंत काढायचे, कुणी सरकारबद्दल बोलू लागलं की. (नाणी १९५९ पासून एस्कुदोची झाली होती, पण बाजारात माणसं आणेच बोलत.)

रीळवाला | संध्याकाळी ५:०५

तारवटीकाका, हे चार आणे माझे झाले. पटकथेत जाणार.

बार्देशकर | संध्याकाळी ५:२०

उधारीवरून आठवलं. बांकु नासियोनाल उल्त्रामारिनुमध्ये गोंयकारांनी दागिने गहाण ठेवले होते. मुक्तीच्या आधी बँकेने ते सोनं लिस्बनला हलवलं. परत यायला १९९१ साल लागलं. राजवट हरणार नाही असं रेडिओवर सांगत होते आणि मागच्या दाराने सोनं बोटीवर चढत होतं. कोण काय बोलतो ते ऐकू नये, सोनं कुठे चाललंय ते बघावं. माझ्या पणजीच्या पाटल्या परत आल्या तेव्हा पणजी नव्हती. आईच्या हातात त्या जाईनात.

लिस्बनहून_नमस्कार | रात्री ८:४५

इथे राहतो म्हणून सालाझारबद्दल एक प्रसंग. रासपुतीन-बिसपुतीन सगळे याच्यापुढे फिके.

हा माणूस इतकी वर्षं साम्राज्य साम्राज्य करत राहिला, पण गोवा, अंगोला, मोझांबिक, कुठेही स्वतः पाऊल ठेवलं नाही. १९६८ मध्ये इश्तोरिलला खुर्चीवरून पडला, डोक्याला मार लागला, मेंदूत रक्तस्राव. पद काढून मार्सेलु कायतानुला दिलं. पण थोडा सावरल्यावर त्याला हे सांगायची कुणाची छाती होईना. म्हणून सांगितलंच नाही! जुने मंत्री घरी यायचे, बैठक घेतल्यासारखं करायचे, तो सूचना द्यायचा, ते मान डोलवायचे. २७ जुलै १९७० ला गेला, तो आपण अजून पंतप्रधान आहोत याच समजुतीत.

गोवा हातून गेल्यानंतरही लिस्बनने तेरा वर्षं तेच केलं. भारताचा ताबा मान्य केला थेट १९७४ च्या शेवटी, करार करून. संपूर्ण देशच त्या खोलीत बसून मान डोलवत होता म्हणा ना.

वास्कोवाली | रात्री ८:५२

दोना मारिया! मी म्हटलं नव्हतं?

पेडण्याचो_पात्रांव | रात्री ९:१५

चित्रीकरण कुठे करणार? पणजीच्या फोंताइन्यासमध्ये आता प्रत्येक पिवळ्या भिंतीसमोर लग्नाआधीच्या फोटोवाल्यांची रांग असते. गव्हर्नर बाल्कनीत विचारमग्न आणि खाली ड्रोन.

रीळवाला | रात्री ९:३०

मी सुरुवात जुने गोवेच्या वस्तुसंग्रहालयात करेन. व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची तैलचित्रं ओळीने लावलेली आहेत. पहिली काही जेव्हा काढली तेव्हा सोळावं शतक चालू होतं. त्या ओळीसमोरून सावकाश चालत गेलात की एक गोष्ट जाणवते: कपडे बदलतात, दाढ्या बदलतात, पाय मात्र सगळ्यांचे एकाच तऱ्हेने रोवलेले. आणि चित्रं वारंवार रंगवून दुरुस्त केल्यामुळे काही चेहरे चेहरेच राहिलेले नाहीत. खाली आल्बुकेर्कचा पुतळा, पूर्वी पणजीत उभा असलेला. संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही, नुसता पंख्याचा आवाज.

फोंड्याचो | रात्री ९:४०

शेवटचा भाग फोंड्याला. शरण आलेल्या पोर्तुगीज सैनिकांची मोठी छावणी आमच्याकडे होती. मे १९६२ पर्यंत ते अडकून पडले, कारण सालाझारला ते परत नकोच होते. त्याच्या हिशेबी ते मेलेले असायला हवे होते. लिस्बनला उतरले तेव्हा स्वागताला बंदूकधारी लष्करी पोलीस. आमचा पोदेर त्या छावणीत पाव द्यायचा. तो म्हणायचा, कुंपणाआड विशीबाविशीची पोरं, उन्हाने लाल झालेली, आणि मागत काय होती? पत्राला तिकीट.

मांडवीकाठ | रात्री १०:०५

एवढं सगळं वाचून माझा मूळ प्रश्न आणखीच अवघड झाला. गव्हर्नर, जहाज, पाटल्या, किसमूर, पाव. कॅमेरा ठेवू कुठे?

निवृत्त_मास्तर | सोमवार, पहाटे ५:५०

मी इथे वाचतो जास्त, लिहितो कमी. मराठी टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

१९६१ मध्ये मी बारा वर्षांचा. माझे वडील उत्तर गोव्यातल्या एका सरकारी कचेरीत आमानुएन्स, म्हणजे साधे कारकून. कुठल्या कचेरीत ते विचारू नका, वडिलांना ते आवडलं नसतं. सेगुंद ग्राव, म्हणजे पोर्तुगीज शाळेची परीक्षा, झालेले, अक्षर मोत्यासारखं, पोर्तुगीज व्याकरण शिकवणाऱ्यालाही चूक दाखवतील असं. पांढरा सूट एकच, रोज रात्री आई तो धुऊन पहाटे इस्त्री करायची. कोळशाची इस्त्री. आजही कुठे ओल्या कपड्यावर गरम इस्त्रीचा वास आला की मला वडील कामावर निघालेले दिसतात.

१६ डिसेंबर, शनिवार. सीमेवर भारतीय फौजा येऊन बसल्यात हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. मोठ्या साहेबांच्या बायकामुलांना बोटीने धाडून दिलं होतं. आमच्या वाड्यावर माणसं तांदूळ आणि रॉकेल भरून ठेवत होती. मी वडिलांचा डबा घेऊन कचेरीत गेलो. समोर आमच्या गावचा एक माणूस उभा, मडकी विकणारा. त्याने जुनी सायकल घेतली होती आणि तिच्या परवान्यासाठी अर्ज घेऊन आला होता. पापेल सेलादवर, म्हणजे सरकारी शिक्क्याच्या कागदावर, कुणाकडून तरी लिहून आणलेला. पैसे मोजून आणलेला कागद.

वडिलांनी कागद हातात घेतला. चष्मा वर केला. टाकाचं टोक समासावर ठेवलं आणि म्हणाले, समास कमी सोडलाय. दोन ओळी बाहेर गेल्यात. नवीन कागदावर लिहून आण.

तो माणूस म्हणाला, पात्रांव, परवा सरकार असेल का?

वडील रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, सरकार कुठलंही असो, समास सोडावाच लागतो.

मी ते वाक्य कित्येक वर्षं वडिलांचा करारीपणा म्हणून सांगत होतो. आता माझं वय त्यांच्यापेक्षा जास्त आहे आणि मला ते घाबरले होते असं वाटतं. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. तो समास हीच त्यांना हातात धरता येणारी एक वस्तू होती. बाहेर काय कोसळतंय ते त्यांना माझ्याहून नक्कीच जास्त दिसत होतं.

सोमवारी पहाटे पूल उडवल्याचे आवाज आले. अस्नोड्याकडून एक, मग लांबून आणखी. आईच्या हातातलं पातेलं चुलीवर आपटलं, दूध सांडलं. वडील उठले, अंघोळ केली, सूट घातला आणि कामावर निघाले. आईने दारात आडवं उभं राहून त्यांना थांबवलं. ते पायरीवर बसून राहिले, सूट घालून, दिवसभर. संध्याकाळी आईने सूट मागितला तर म्हणाले, राहू दे, उद्या घालायचाच आहे.

मंगळवारी आकाशात विमान फिरत होतं, कागद टाकत. नंतर कळलं की ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे नभोवाणी केंद्र चालवणाऱ्या लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई विमानातून घोषणा करत होते. सहा वर्षं जंगलात लपून रेडिओ चालवला त्यांनी. आम्ही पोरं कागद गोळा करायला धावलो. मी एक वडिलांना आणून दिला. त्यांनी तो वाचला, उलटून पाहिला, मागची बाजू कोरी होती. घडी करून खिशात ठेवला. कोरी बाजू वाया घालवायची नाही ही त्यांची सवय.

जानेवारीत कचेरी पुन्हा उघडली. नवे साहेब, इंग्रजी फायली. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. बावन्नाव्या वर्षी तर्खडकरांचं पुस्तक घेऊन बसले. आणि पहिल्याच आठवड्यात तो मडकीवाला आला. नव्या कागदावर अर्ज, समास अगदी दोन बोटं सोडलेला. वडिलांनी कागद पाहिला. म्हणाले, समास उत्तम. पण हा कागद आता चालत नाही.

तुम्ही विचारता कॅमेरा कुठे ठेवायचा. माझं म्हणाल तर टेबलाच्या या बाजूला, त्या टाकाच्या टोकावर.

आग्वादची_नात | सकाळी ७:२०

मास्तर, काय लिहू कळत नाही. माझ्या आजीच्या डब्यात काठी घालणारा शिपाईसुद्धा कुणाचा तरी बाप असणार हे मी आजवर कधी मनात येऊ दिलं नव्हतं. आजही फार वेळ येऊ देणार नाही. पण आलं.

रीळवाला | सकाळी ८:०५

मी माझी तैलचित्रं मागे घेतो. पहिला प्रसंग कोळशाची इस्त्री.

मांडवीकाठ | सकाळी ८:३०

क्लिमोवलाही रासपुतीन सोडून असा एखादा आमानुएन्स मिळायला हवा होता. पण मग तो अडीच तास कोण पाहणार, म्हणा.

तारवटी | सकाळी ८:४१

मी पाहीन.

सुशेगाद_पण_जागा | सकाळी ९:१२

मास्तर, एक राहिलंच. सायकलीचं काय झालं?

निवृत्त_मास्तर | सकाळी ९:५०

परवाना काही मिळाला नाही. तो विनापरवाना चालवायचा, तशी आधीपासूनच चालवत होता. पुढे वडिलांचा पाय मोडला तेव्हा दोन महिने तोच त्यांना मागच्या कॅरियरवर बसवून कचेरीत सोडायचा. कचेरीच्या थोडं अलीकडे उतरवायचा.